शिकवणारी माणसे उरली तर

१९१४ ते १९६४ अशी पन्नास वर्षे मद्रासच्या एग्मोर स्थानकावर थेट कोलंबोचे तिकीट मिळत असे. गाडीचे नाव बोट मेल. ती धनुष्कोडीपर्यंत जाई, तिथे उतारू आगबोटीत चढत आणि पलीकडे तलैमन्नारला उतरले की कोलंबोची गाडी उभी असे. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळ आले आणि धनुष्कोडीचे बंदर, गाव, रूळ, पांबनहून निघालेली उतारूगाडी असे सगळेच गेले. रामेश्वरमहून बोटी पुढेही काही वर्षे चालल्या. श्रीलंकेत यादवी पेटल्यावर त्याही बंद पडल्या.

एग्मोरचा श्रीलंकेशी असलेला संबंध मात्र त्यामुळे संपला नाही. इथल्या केनेथ लेनमध्ये महाबोधी सोसायटीचे ठिकाण आहे आणि बुद्धगयेला निघालेले सिंहली यात्रेकरू तिथे उतरतात. त्याच परिसरात बायकांचे सरकारी इस्पितळ, मुलांचे सरकारी इस्पितळ आणि डोळ्यांचे सरकारी इस्पितळ आहे. तिन्ही मद्रास मेडिकल कॉलेजची शिकवणीची इस्पितळे. यादवीतून बाहेर पडलेल्या देशात डॉक्टर घडवण्याचे काम पुन्हा कसे उभे राहते, हा या संग्रहाचा विषय. आणि त्याची प्रस्तावना लिहायला एग्मोरइतकी सोयीची जागा नाही. कारण जे काम समुद्राच्या पलीकडे तीस वर्षे धापा टाकत चालले, ते इथे पावणेदोनशे वर्षे विनातक्रार चालू आहे.

बायकांचे इस्पितळ १८४४ साली प्रसूतिगृह म्हणून सुरू झाले आणि १८८२च्या सुमारास एग्मोरला आले. मेरी शार्लीब नावाची एका वकिलाची बायको याच प्रसूतिगृहात सुईणीचे काम शिकली आणि १८७५ साली आणखी तीन बायकांबरोबर मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली. इंग्लंडमध्ये तेव्हा बायकांना डॉक्टरकीच्या वर्गात बसू द्यायचे की नाही यावर भांडणे चालली होती. पुढे आर्कोट लक्ष्मणस्वामी मुदलियार या इस्पितळाचे पहिले भारतीय अधीक्षक झाले. त्यांनी आणि मेनन यांनी लिहिलेले प्रसूतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या उशाशी राहिले. मुदलियारांचे विद्यार्थी अध्यापक झाले, त्यांचे विद्यार्थी पुन्हा अध्यापक झाले. आज रात्रपाळीला प्रसूतिकक्षात उभी असलेली शिकाऊ डॉक्टर ज्या पद्धतीने पोटावर हात ठेवून बाळाचे डोके चाचपते, ती पद्धत तिला पुस्तकातून मिळालेली नाही. कुणीतरी तिचा हात धरून तो योग्य जागी ठेवला होता. त्या कुणाचातरी हात त्याआधी आणखी कुणीतरी धरला होता.

वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे खरे तर एवढेच. बाकी इमारत, खाटा, प्रयोगशाळा, यंत्रे या गोष्टी पैसे टाकले की येतात, उशिरा का होईना येतात. हे म्हणायला सोपे वाटते, पण युद्धानंतर मदत करायला धावणाऱ्यांना ते शेवटपर्यंत उमगत नाही, असे या संग्रहातले लेख वाचताना वारंवार वाटत राहिले.

एक गैरसमज आधीच दूर करतो. आपण धरून चालतो की युद्ध आधी होते, त्यात कॉलेज पडते आणि मग ते बांधायचे असते. श्रीलंकेत कॉलेजचा दरवाजा हेच भांडणाच्या अनेक कारणांपैकी एक कारण होते. १९७१ साली सरकारने विद्यापीठ-प्रवेशासाठी गुणांचे प्रमाणीकरण आणले. परीक्षेची उत्तरे कोणत्या भाषेत लिहिली त्यावर पात्रतेचे गुण ठरू लागले. वैद्यकीय शाखेसाठी चारशेपैकी तमिळ माध्यमाच्या मुलांना २५० आणि सिंहली माध्यमाच्या मुलांना २२९. जाफन्याचे तमिळ मध्यमवर्गीय कुटुंब म्हणजे आपल्याकडच्या सदाशिव पेठेतल्या कुटुंबासारखेच. जमीन थोडी, भिस्त शिक्षणावर, आणि मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर झाला तरच घर वर येणार अशी पक्की समजूत. त्या घरातल्या मुलाला एकवीस गुणांनी काय दुखावले असेल, हे मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही.

सरकारची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. शाळा चांगल्या होत्या त्या कोलंबोत आणि जाफन्यात; मिशनऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षे तिथे शाळा काढल्या होत्या. आतल्या भागातली सिंहली मुले, तसेच वन्नी आणि मन्नारमधली तमिळ मुलेही, त्या शर्यतीत कुठेच नव्हती. पुढे भाषेचा निकष जाऊन जिल्ह्यांचे वाटे आले. आज श्रीलंकेत ४० टक्के जागा निव्वळ गुणांवर, ५५ टक्के जिल्ह्याच्या लोकसंख्येवर आणि ५ टक्के मागास जिल्ह्यांना अशी वाटणी आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० सूत्र २०२० साली रद्द झाले, त्याआधी मराठवाड्यातून किती वर्षे ओरड चालली होती ते आठवून पाहावे. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून त्या भागातल्या मुलांच्या वाट्याला येणारे सत्तर टक्केही कमी. वाटणीचे कुठलेही सूत्र कुणालातरी टोचतेच. फरक इतकाच की ते टोचणे वर्तमानपत्रात आणि न्यायालयात राहते की रानात बंदूक घेऊन जाते, हे बाकीच्या पुष्कळ गोष्टींवर ठरते. श्रीलंकेत त्या बाकीच्या गोष्टी फारच वाईट होत्या.

जाफना विद्यापीठाची वैद्यकीय शाखा निघाली १९७८ साली, म्हणजे या सगळ्या धुमसण्याच्या मध्यात. पण तिची मुळे तिथल्या मातीत फार आधीपासून होती. अमेरिकन मिशनचे डॉ. जॉन स्कडर १८२०मध्ये जाफन्याजवळ पंडितरिप्पू इथे दवाखाना घालून बसले. १८३६ साली ते मद्रासला आले. त्यांचे ठाणे कूवम नदीपलीकडच्या चिंताद्रीपेटेत होते, एग्मोरहून पूल ओलांडला की तो भाग येतो. त्यांची नात आयडा स्कडर हिने १९१८ साली वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आज भारतभर नाव असलेले वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ते हेच. स्कडरांच्या नंतर जाफन्यात आले डॉ. सॅम्युअल ग्रीन. त्यांनी १८४८पासून मानिप्पाय गावी स्थानिक तरुणांना वैद्यक शिकवले, आधी इंग्रजीतून आणि पुढे तमिळमधून. शरीररचना, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, रसायन अशा विषयांवरची पुस्तके त्यांनी तमिळमध्ये आणली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही १८६०च्या दशकात मराठी आणि गुजराती वर्ग होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे. (दक्षिणेतल्या मराठी माणसांनी आणखीही एक आठवण जपायला हरकत नाही. एग्मोरच्या डोळ्यांच्या इस्पितळाचा आरंभ १८१९चा. त्याच काळात तंजावरचे सरफोजीराजे स्वतः डोळ्यांच्या रुग्णांकडे लक्ष घालत होते. त्या रुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महालात आजही आहेत. विषयांतर झाले, पण ते टाळवले नाही.)

तर १९७८मध्ये जाफन्याची शाखा सुरू झाली आणि १९८३च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. म्हणजे पहिली तुकडी पुरती डॉक्टर होण्याआधीच युद्ध दारात आले. त्यानंतर २००९च्या मेपर्यंत ही शाखा युद्धातच वाढली. या संग्रहातला सर्वांत मोठा भाग त्या वर्षांविषयी आहे आणि तो तसाच असायला हवा होता. त्यातल्या दोन घटना मराठी वाचकाने डोळे उघडे ठेवून वाचाव्यात.

पहिली आपल्याशी संबंधित आहे. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय शांतिसेना जाफना शहर ताब्यात घेत होती. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतले, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबरला वीरमरण आले. त्यांचे परमवीर चक्र आपल्याला ठाऊक असते. त्याआधी महिनाभर, २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी शांतिसेनेचे जवान जाफन्याच्या शिकवणीच्या इस्पितळात शिरले. आतून गोळीबार झाला असे सैन्याचे म्हणणे. आत असलेल्यांनी जे सांगितले ते वेगळे आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रुग्ण, परिचारिका, कर्मचारी आणि डॉक्टर मिळून साठाहून अधिक माणसे तिथे मेली. बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवपादसुंदरम हे परिचारिकांना घेऊन हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असे ओरडत बाहेर येत असताना गोळी लागून पडले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. मुलांच्या आजारांचा अध्यापक असा गेला की त्याच्यामागे एक पदच रिकामे होते असे नाही. त्याच्या फेरीमागून हिंडणारी मुलेही पुढची वर्षे अर्धवट शिकतात. भारतीय वाचकाने ही घटना टाळून पुढचे काही वाचू नये, म्हणून ती संग्रहात आधी घेतली आहे.

दुसरी घटना २१ सप्टेंबर १९८९ची. डॉ. रजनी तिरणगम शरीररचनाशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. लिव्हरपूलहून डॉक्टरेट घेतल्यावर तिकडेच राहणे त्यांना सहज शक्य होते. त्या दोन लहान मुलींसह जाफन्याला परत आल्या, कारण तिथे शरीररचना शिकवायला माणूस नव्हता. शिकवता शिकवता त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मानवी हक्कांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली: श्रीलंकेच्या सैन्याच्या, शांतिसेनेच्या आणि तमिळ वाघ या बंडखोर संघटनेच्याही. त्या दिवशी परीक्षेचे काम आटोपून सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीस. या खुनाचा ठपका तमिळ वाघांवर आहे. ज्या पुस्तकाच्या त्या सहलेखिका होत्या, ते ‘द ब्रोकन पामायरा’ त्यांच्या मृत्यूनंतर १९९०मध्ये निघाले. त्यांच्या काही सहकाऱ्यांना जाफना सोडावे लागले. तर इथे इमारतीला एक ओरखडाही उठला नव्हता, पण विभाग मात्र डोक्याविना उरला.

तरी वर्ग चालू राहिले. कसे, ते तपशिलात वाचण्यासारखे आहे. १९९०नंतर जाफन्याला वीज नव्हती. रॉकेल, बॅटऱ्या, साबण, सिमेंट, काही औषधे यांच्यावर सरकारी निर्बंध होते. लोक सायकलचा डायनॅमो फिरवून रेडिओ ऐकत आणि मुले बाटलीतल्या मिणमिणत्या दिव्यावर पाठ करीत. इस्पितळ किल्ल्याच्या अगदी जवळ असल्यामुळे तोफांच्या टप्प्यात होते. रेड क्रॉसने मध्ये पडून त्याच्याभोवती संरक्षित पट्टा मिळवला. १९९५च्या ऑक्टोबरअखेर सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा वळीकामम भागातली लाखो माणसे एका रात्रीत पूर्वेकडे निघाली. त्यात विद्यार्थीही होते, अध्यापकही होते, आणि रुग्णही. २००६च्या ऑगस्टमध्ये ए-९ हा एकमेव रस्ता पुन्हा बंद झाला आणि जाफना विमान नाहीतर जहाज एवढ्यावर आले. वैद्यकीय परीक्षा म्हटली की बाहेरचा परीक्षक लागतो. तोंडी परीक्षा घेणारा माणूस मुलांना आधी ओळखत नसावा हा त्या शिक्षणाचा पाया. युद्ध चालू असलेल्या जागी बाहेरून परीक्षक आणायचा म्हणजे कुणालातरी येण्याचे धैर्य करायला सांगायचे. कोलंबो आणि पेरादेनियाच्या अध्यापकांत, त्यात सिंहली अध्यापकही आले, असे करणारे निघाले. या संग्रहात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. परीक्षा सैल केली असती तर त्या पदवीला पलीकडे कुणी विचारले नसते आणि जाफन्याचा डॉक्टर कायमचा दुय्यम ठरला असता.

इथे दुसरे एक उदाहरण शेजारी ठेवतो, म्हणजे ‘तरी वर्ग चालू राहिले’ या चार शब्दांची किंमत कळेल. कंबोडियात १९७५च्या एप्रिलपासून १९७९च्या जानेवारीपर्यंत ख्मेर रूजचे राज्य होते. शिकलेला माणूस शत्रू ठरला. पावणेचार वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा आधीच्या सुमारे पाचशे डॉक्टरांपैकी जेमतेम पन्नासेक देशात उरले होते. नॉम पेन्हची वैद्यकीय शाखा १९८०च्या सुमारास उघडली. १९७५मध्ये ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, त्यांच्यातले जे जिवंत सापडले त्यांना बोलावून आणले आणि शिकवायला व्हिएतनामी अध्यापक आले. घरातले विरजण संपले की दूध कितीही असो, दही लागत नाही. शेजारी वाटी घेऊन जावे लागते. कंबोडियाला ती वाटी घेऊन आधी हनोईला आणि नंतर पॅरिसला जावे लागले. जाफन्याला जावे लागले नाही. एकदा तर उलट घडले. जाफन्याचे मानसोपचाराचे प्राध्यापक दया सोमसुंदरम, ‘द ब्रोकन पामायरा’च्या चार लेखकांपैकी एक, यांनी कंबोडियात जाऊन मानसिक आरोग्याचे काम केले. युद्धाने खचलेल्या मनांवर उपचार करणे ते ज्या शाळेत शिकले, ती शाळा खुद्द जाफनाच होती. परत येऊन त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेवकांना, शिक्षकांना हे काम शिकवले. एका जिल्ह्यात एखादाच मानसोपचारतज्ज्ञ असताना हजारो माणसांची झोप उडालेली असते, तेव्हा डॉक्टर घडवण्याइतकेच डॉक्टर नसलेल्यांना शिकवणेही वैद्यकीय शिक्षणात येते. आपल्या परिषदा आणि आयोग हे मान्य करायला फार वेळ लावतात.

मराठी वाचकाला युद्धातला डॉक्टर म्हटले की सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि शांतारामबापूंचा चित्रपट. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या तुकडीत ते होते; नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांच्या शस्त्रक्रिया आणि अकाली मृत्यू आपण लक्षात ठेवला. पण १९४१पासून ते उत्तर चीनच्या डोंगरात बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे संचालक होते आणि त्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत शस्त्रक्रिया शिकवत होते, हे सहसा सांगितले जात नाही. जपानी सैन्य जवळ आले की शाळा पाठीवर घेऊन दुसऱ्या गावी जायची. फळा झाडाला टांगायचा, खेड्यातल्या घरात वर्ग भरवायचा. शिकायला येणारी मुले शेतकऱ्यांची, काहींना जेमतेम वाचता यायचे. कोटणीस चिनी शिकले ते रुग्णांशी बोलण्यापुरते नाही. त्या भाषेत ते व्याख्याने देऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले तेव्हा ते पुस्तक अपुरे होते. हातात सुरी असलेला माणूस दिवसाला दहा जीव वाचवू शकेल. त्याच दिवसात दोन तास काढून तो शिकवायला बसला, तर समोर पडलेल्या अकराव्याचे काय, हा प्रश्न कोटणीसांना रोज पडत असणार. त्यांनी तरीही शिकवले. रणांगणावरच्या वैद्यकीय शिक्षणाबद्दल याहून अवघड निर्णय मला माहीत नाही.

२००९ला युद्ध संपले आणि मदत आली. शेवटच्या महिन्यांत भारतानेही पुल्मोद्दै इथे वैद्यकीय तुकडी पाठवली. ती पुढे मेनिक फार्मच्या निर्वासित छावणीजवळ हलली. बावीस वर्षांपूर्वी भारत ज्या वाटेने गेला होता त्याच्या तुलनेत हे कितीतरी शहाणपणाचे होते. जपानने जाफन्याच्या इस्पितळाला नवी इमारत आणि शस्त्रक्रियागृहे दिली. पूर्वेला मट्टकळप्पूला विद्यापीठाची वैद्यकीय शाखा युद्धाच्या शेवटच्या पर्वातच सुरू झाली होती. हे सगळे चांगले झाले. पण वन्नीत शेवटपर्यंत तंबूतल्या इस्पितळांत थांबलेल्या सरकारी डॉक्टरांना मेमध्ये अटक झाली आणि काही महिने कोठडीत ठेवले, हेही त्याच वर्षी घडले. जे थांबले त्यांनाच पहिली शिक्षा मिळते, हे बघणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून काय धडा घ्यावा?

त्यांनी घेतला तो धडा विमानाच्या तिकिटाचा. जाफन्याचे डॉक्टर लंडन, टोरांटो, मेलबर्नमध्ये आधीपासून होतेच. त्यांच्यातले काही सुट्टी काढून शिकवायला परत येतात, त्याची दोन हृद्य प्रकरणे या संग्रहात आहेत. पण एप्रिल २०२२मध्ये श्रीलंकेने कर्ज फेडणे थांबवले आणि एक गोळीही न झाडता साऱ्या देशातून, सिंहली भागांतूनही, शेकडो डॉक्टर निघून गेले. यादवीत टिकलेल्या विभागांना महागाईने रिकामे केले. मदत देणाऱ्यांच्या अहवालात याला जागा नसते, कारण ‘पुनर्बांधणी’चे खाते तोवर बंद झालेले असते. रवांडाने २०१२पासून अमेरिकी विद्यापीठांशी सात वर्षांचा करार केला, त्यात प्रत्येक परदेशी अध्यापकाला एका स्थानिक अध्यापकाची जोडी दिली होती: पाहुणा जाईल तेव्हा मागे माणूस राहावा म्हणून. योजना चांगली होती. ती किती पुरली याबद्दल संग्रहातल्या दोन लेखकांचे एकमत नाही आणि मी ते करायच्या भरीस पडलो नाही.

अफगाणिस्तानवर स्वतंत्र प्रकरण असावे की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली. मी आग्रह धरला, आणि त्यामागे एग्मोरचे इस्पितळ होते. डिसेंबर २०२२मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठे बंद केली आणि डिसेंबर २०२४मध्ये परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणाचे उरलेसुरले दारही लावून घेतले. ज्या देशाच्या काही भागांत परपुरुष डॉक्टरला बाईला तपासू दिले जात नाही, तिथे बाई डॉक्टर आणि सुईण घडवणेच थांबवले, तर त्याचा हिशेब प्रसूतिकक्षात लागतो. मेरी शार्लीब १८७५ साली ज्या वर्गात शिरली, तो वर्ग काबूलमध्ये दीडशे वर्षांनी पुन्हा बंद झाला. शिकून बाहेर पडलेली शेवटची तुकडी निवृत्त होईपर्यंत कदाचित त्याची किंमत कळणारही नाही. त्या वेळी हात धरून शिकवायला उरलेल्या बायका साठीच्या असतील.

आपल्याकडे युद्ध नाही म्हणून या विषयाशी आपला संबंध नाही असे वाटणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. २०१४मध्ये भारतात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती; आज सातशेच्या वर आहेत. इमारती झाल्या, जागा वाढल्या, फलक लागले. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे अध्यापक मात्र तपासणीच्या दिवशी दिसतात आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत, ही तक्रार इतकी जुनी आहे की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची हजेरी सक्तीची करावी लागली. जाफन्यात तोफा असताना बाहेरचा परीक्षक बोलावत. आपण शांततेत असताना हजेरीचे यंत्र लावतो.

आणि युद्ध नाही, हेही सरसकट खरे नाही. म्हणूनच शेवटचे प्रकरण मणिपूरचे आहे. चुराचांदपूरचे वैद्यकीय महाविद्यालय जानेवारी २०२३मध्ये मोठ्या समारंभात उघडले, शंभर जागांची पहिली तुकडी. ३ मे २०२३ला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार भडकला. त्या तुकडीतली मैतेई मुले इम्फाळला गेली आणि तिथल्या महाविद्यालयात बसू लागली. इम्फाळच्या महाविद्यालयांतली कुकी-झो मुले चुराचांदपूरला आली आणि त्यांचे वर्ग, त्यांच्या परीक्षा ग्राह्य धरायच्या की नाही यावरून वाद झाला. एकाच राज्यातले, एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी समाजनिहाय दोन शहरांत शवविच्छेदन शिकत आहेत, आणि मैतेई अध्यापक डोंगरात जाऊ शकत नाही, कुकी अध्यापक खोऱ्यात जाऊ शकत नाही. प्रकरणाच्या लेखकाने त्याला निष्कर्ष जोडलेला नाही. तो जोडावा असे मी सुचवले होते. त्याने नकार दिला, कारण त्या पहिल्या तुकडीची साडेचार वर्षे २०२७मध्ये पुरी व्हायची आहेत आणि त्यांची शेवटची परीक्षा कोण, कुठे घेणार हे अजून ठरायचे आहे.

— एग्मोर, चेन्नई